गावातून लीड किती?

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात मारकडवाडी नावाचं गाव आहे. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेचा निकाल लागला आणि माळशिरसमधून शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उत्तमराव जानकर १३,१४७ मतांनी निवडून आले. मारकडवाडीत जानकरांना मानणाऱ्यांची संख्या मोठी, तेव्हा गावात गुलाल उधळून विषय संपायला हवा होता. पण गावाचे आकडे हाती आले आणि चर्चा भलतीकडेच वळली. भाजपचे राम सातपुते यांना गावातून १,००३ मतं होती आणि जानकरांना ८४३. उमेदवार जिंकला, पण गावात मागे पडला, हे जानकरांच्या माणसांना पटेना. त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं आणि मतपत्रिकाही छापून आणल्या. असं मतदान कायद्यात बसत नाही म्हणून प्रशासनाने जमावबंदी लावली, गावात पोलीस उतरले, मतदान रद्द झालं आणि अनेकांवर गुन्हे दाखल झाले. पाठोपाठ ८ डिसेंबरला शरद पवार स्वतः गावात येऊन गेले आणि मारकडवाडीचं नाव देशभर पोचलं.

वाद झाला तो मतदान यंत्रांवरून. यंत्र खरं की खोटं, यावर वाहिन्यांनी तासन् तास खर्च केले. पण या प्रकरणात त्याहून जुना एक प्रश्न दडलेला होता आणि त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मतदान गुप्त असतं, तर एखाद्या वाडीने कुणाला किती मतं दिली हे निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत तालुक्याला कळतं कसं?

त्याचं उत्तर मतमोजणीच्या हॉलमध्ये मिळतं. विधानसभेच्या मोजणीला साधारण १४ टेबलं मांडतात. एका टेबलावर एका बूथचं कंट्रोल युनिट येतं. जाळीच्या पलीकडे उमेदवारांचे मोजणी प्रतिनिधी बसलेले असतात. अधिकारी यंत्राचं सील दाखवतो, बूथवरच्या नमुना १७-सी मधली एकूण मतांची संख्या यंत्राशी ताडून पाहतो आणि निकालाचं बटण दाबतो. पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा उमटत जातो आणि जाळीपलीकडची माणसं तो घाईघाईने छापील तक्त्यात भरतात. फेरी संपायच्या आत तो आकडा हॉलबाहेर आणि तिथून गावच्या पारावर पोचलेला असतो. पुढे निवडणूक आयोगही नमुना २० मध्ये बूथनिहाय मतं जाहीर करतो. एका बूथवर हजार-बाराशे मतदार धरले, तर लहान गाव म्हणजे एक किंवा दोन बूथ. बूथचा आकडा कळला की गाव कळलं. गावात तीन वाड्या असतील आणि एकीचा बूथ वेगळा असेल, तर ती वाडीही कळली.

मतपत्रिकेच्या काळात हे टाळायची सोय होती. दडपशाहीची भीती असेल तिथे वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका मोजण्याआधी एकत्र मिसळता येतील, अशी तरतूद निवडणूक नियमांत होती. २००४च्या लोकसभेपासून देशभर यंत्रं आली आणि मिसळण्याचा विषयच संपला, कारण प्रत्येक यंत्र आपला हिशेब वेगळा सांगतं. यंत्रांमुळे बूथ बळकावणं अवघड झालं, बाद मतांचा प्रश्न मिटला, मोजणी काही तासांत उरकू लागली. या सगळ्या मोठ्या सोयी आहेत. मात्र त्यांच्या सोबत लहान गावाचा पडदा गेला, हेही खरं.

ग्रामीण महाराष्ट्राचं राजकारण या आकड्याभोवती फिरतं. गावातून लीड किती, हा निकालानंतरचा पहिला प्रश्न असतो. उमेदवार जिंकला तरी ज्या गावातून तो 'मायनस' गेला, तिथल्या कार्यकर्त्याची मान खाली जाते. लीड देणाऱ्याला पुढे पंचायत समितीचं तिकीट मागता येतं, सोसायटीत शब्द टाकता येतो, कारखान्याच्या संचालक मंडळाकडे डोळे लावता येतात. विकास सोसायटी, दूध संघ, जिल्हा बँक, साखर कारखाना ही पश्चिम महाराष्ट्रातली सत्तेची उतरंड सहकारातून उभी राहिली. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारला त्याला आता सुमारे ७५ वर्षं झाली. १९६२ पासून सहकाराच्या या उतरंडीशेजारी जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची उतरंड आली. दोन्हींत वर चढायचं तर पायाशी गाव लागतं आणि गाव आपल्या मागे आहे हे दाखवायला लीड लागतो.

गावातला प्रतिष्ठित माणूस आपल्या आश्रयाला असलेल्यांची मतं वरच्या पुढाऱ्याला मिळवून देतो आणि बदल्यात वरून कामं आणतो, हे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडच्या एका खेड्याच्या अभ्यासात १९५५ मध्ये नोंदवलं होतं. 'व्होट बँक' हा शब्द तिथूनच रुळला. आज हा मध्यस्थ वाड्यातल्या पाटलापुरता राहिलेला नाही. तो ठेकेदार असतो, दूध संकलन केंद्र चालवणारा असतो, बचत गटांचं जाळं सांभाळणारी ताई असते, पुण्यात प्लॉटिंग करून गावी परतलेला तरुणही असतो.

ग्रामपंचायतीची गोष्ट आणखी निराळी. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं. दोन-तीन पॅनेल उभी राहतात आणि एका पॅनेलमध्ये वेगवेगळ्या पक्षांची माणसं गुण्यागोविंदाने बसतात. दीड हजार लोकवस्तीपर्यंतच्या गावात सात सदस्य असतात. त्यांचे तीन वॉर्ड केले तर एका वॉर्डात मतदार निघतात साडेतीनशेच्या आसपास. एवढ्या मतांची मोजदाद कार्यकर्ता वहीवर करतो. एकेक चूल धरून. या घरातली पाच आपली. त्या घरातला थोरला आपला, धाकटा त्यांचा. सून माहेरच्या नात्याने तिकडे जाणार. दोन मतं पिंपरीला, त्यांना गाडी पाठवायची. भावकी मोठी असेल तर तिचा उमेदवार पक्का, पण तिच्यात बांधावरून किंवा वाटणीवरून फूट असेल तर ती फूट मतदानात हमखास उतरते. मतदानाच्या दिवशी प्रतिनिधी यादीवर एकेक नाव खोडत जातो आणि दुपारी चारच्या सुमारास न आलेल्यांच्या दारात जीप उभी राहते. वॉर्डात पाच मतांनी पडलेला उमेदवार ती पाच मतं कुठे फुटली याचा अंदाज त्याच रात्री बांधतो. अंदाज चुकीचा असला तरी त्यावर उभं राहिलेलं वैर खरं असतं.

तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, गाव या निवडणुकीत जीव ओतून उतरतं. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर झाली. त्यातल्या दीड हजारांवर बिनविरोध झाल्या आणि उरलेल्या ठिकाणी सुमारे ७९ टक्के मतदान झालं. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात मतदान होतं सुमारे ६१ टक्के, विधानसभेला सुमारे ६६. या दोन आकड्यांत शहरं धरलेली आहेत, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. तरी कल दिसतोच. दिल्लीचं मत चुकलं तर चालतं, वॉर्डातलं मत चुकवणं ही उघड भूमिका ठरते. २०२१ च्या ग्रामपंचायत निकालानंतर जवळपास प्रत्येक पक्षाने आपणच पहिल्या क्रमांकावर असल्याचा दावा केला. चिन्हच नसल्यामुळे तो खोडून काढण्याचं साधन कुणाकडेच नव्हतं.

बिनविरोध निवडणुकीचं गावाला मोठं कौतुक. भांडण नको, खर्च नको. २०२१ च्या त्याच निवडणुकीसाठी पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी बिनविरोध करणाऱ्या गावांना २५ लाखांचा निधी देऊ केला होता. पण एकमत कुणाचं, हे विचारायलाच हवं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदासाठी चक्क बोली लागली, ती मंदिराच्या कामाच्या नावाने २ कोटी ५ लाखांपर्यंत चढली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत ती ४२ लाखांपर्यंत गेली. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. गाव एकमुखी दिसतं तेव्हा आतले गप्प बसलेले आवाज मोजायची सोय नसते. मतदान झालं तर निदान ते मोजले जातात.

हिवरे बाजारचं उदाहरण म्हणून लक्षात ठेवण्यासारखं आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली आदर्श ठरलेल्या या गावात सुमारे ३० वर्षं निवडणूक बिनविरोध होत होती. २०२१ मध्ये विरोधात अर्ज आले, मतदान झालं आणि पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. गावाचा विश्वास होता, हे त्या दिवशी आकड्याने सिद्ध झालं. त्याच वेळी पाटोद्यात, ज्या गावाचा कारभार भास्करराव पेरे पाटलांनी राज्यभर गाजवला तिथे, त्यांच्या कन्येचा पराभव झाला. काम केलेल्या घराबद्दल गावाला आदर असतो, पण मत म्हणजे आदराची परतफेड नव्हे, असं पाटोद्याच्या मतदारांनी ठरवलं. दोन्ही गावांत मतदान झालं म्हणून हे कळलं.

मग गाव कुठल्या विचाराचं, असं विचारलं तर? बाहेरून येणारे पत्रकार हा प्रश्न हमखास विचारतात आणि गावकरी सौजन्याने काहीतरी सांगतात. खरं तर एकच गाव वर्षभरात तीन वेगळी मतं देऊ शकतं आणि तिन्हींमागे कारण असतं. २०२४ चं वर्ष घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे महिन्यात उठवली. तोवर लासलगाव, पिंपळगावच्या बाजारात भाव कोसळून शेतकऱ्याचं नुकसान होऊन गेलं होतं. २० मे रोजी मतदान झालं आणि दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. मराठवाड्यात सोयाबीनचे भाव आणि मराठा आरक्षणाचं आंदोलन एकत्र आलं. अंतरवाली सराटीत आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतर गावोगावी पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले होते. तिथल्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीने घेतल्या. राज्यात आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या.

सहाच महिन्यांत पारडं उलटलं. विधानसभेला महायुती २८८ पैकी २३०हून अधिक जागांवर निवडून आली. मधल्या काळात ऑगस्टपासून 'लाडकी बहीण' योजनेतून बायकांच्या खात्यात महिना १,५०० रुपये येऊ लागले होते. लोकसभेचा राग एकदा व्यक्त करून झाला होता. आमदार हा रोजच्या कामाचा माणूस, त्याला निवडताना रस्ता, रोहित्र, बदली, दवाखान्याची चिठ्ठी असले हिशेब पुढे आले. ज्या घराने मे महिन्यात कांद्यासाठी मत दिलं, त्याच घरातल्या बाईने नोव्हेंबरमध्ये आपल्या खात्याकडे पाहून वेगळं बटण दाबलं असेल, तर त्यात कोणतीही विसंगती नाही. तिने दोन वेगळ्या प्रश्नांना दोन उत्तरं दिली. गावाला अडाणी ठरवणाऱ्यांनी हे समजून घ्यावं.

गावच्या कारभाऱ्यांचं वहीतलं गणितही नेहमी जुळतं असं नाही. चिन्हाचाच घोळ बघा. शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळालं आणि काही अपक्षांच्या वाट्याला नुसती 'तुतारी' आली. लोकसभेला साताऱ्यात पवारांच्या उमेदवाराविरुद्ध उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले आणि तुतारीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत असंच चिन्ह घेतलेल्या अपक्षाने लाखावर मतं घेतली. ती सगळीच चुकून पडली असं म्हणता येणार नाही, पण प्रचाराच्या कुठल्याच वहीत त्यांची नोंद नव्हती.

हे सारं आकड्यांमुळे दिसतं आणि अभ्यासकाला ते हवंच असतं. पण त्या आकड्यांची किंमत गावाला मोजावी लागते. एप्रिल २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात प्रचार करताना मनेका गांधींनी जाहीर सभेतच प्रतवारी सांगितली होती. ८० टक्के मतं देणारं गाव 'ए', ६० टक्के देणारं 'बी', आणि कामांचा क्रम त्याच वर्गवारीने. डिसेंबर २०२२ मध्ये कोकणात ग्रामपंचायतींच्या प्रचारात आमदार नीतेश राणे यांनी आपल्या विचारांचा सरपंच नसेल तर निधी मिळणार नाही, असं सांगितलं. बाकीचे पुढारी हे माइकवर बोलत नाहीत, एवढाच फरक अनेक तालुक्यांत सापडतो. पाणंद रस्ता, सभामंडप, नळ योजना, घरकुलाची यादी यांची वाटणी करताना बूथचा तक्ता कुणाच्या तरी खिशात असतो.

दुसरी किंमत अधिक जड. २०२४ ला बीडमध्ये पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या. निकालानंतर कुठल्या गावातून कुणाला किती पडली याचे तक्ते मोबाइलवर फिरू लागले. अमुक गाव तमुक समाजाचं, म्हणून मत तिकडे, असा सरळ अर्थ लावला गेला. एकमेकांच्या दुकानांवर बहिष्काराची भाषा करणारे व्हिडिओ आले आणि पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. पिढ्यान् पिढ्या एका बाजारात बसणारी, एकमेकांच्या लग्नात पंगती वाढणारी माणसं एका तक्त्यामुळे दोन बाजूंना उभी राहिली. बहुसंख्याकांपेक्षा वेगळं मत दिलेल्या शे-दीडशे माणसांची अवस्था तर सर्वांत बिकट. गावात ती कोण, हे ओळखायला वेळ लागत नाही. गुजरातच्या गीर जंगलात बाणेज इथे केवळ एका मतदारासाठी बूथ उभारला जातो आणि त्याचं सगळ्यांना कौतुक. एकाही नागरिकाचा हक्क डावलायचा नाही ही त्यामागची भावना थोर आहे. पण मतदार एकच असेल तिथे बूथचा आकडा आणि त्या माणसाचं मत यात अंतर ते काय राहिलं?

यावर उपाय शोधून झालेला आहे. टोटलायझर नावाचं उपकरण साधारण १४ बूथची यंत्रं एकत्र जोडतं आणि त्यांची बेरीज दाखवतं. कुठल्या उमेदवाराला एकूण किती, हे कळतं. कुठल्या गावाने किती दिली, हे कळत नाही. निवडणूक आयोगाने २००८ मध्येच त्यासाठी नियमबदल सुचवला. कायदा आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. आपण कुठे कमी पडलो हे पक्षांना बूथनिहाय आकड्यांवरून कळतं आणि तिथे काम करता येतं, असं त्याचं कारण देण्यात आलं. ते पोकळ आहे. कुठे काम करायचं हे कळायला रस्त्यावरचे खड्डे आणि शाळेची गळती पुरेशी असते. त्यासाठी गावाचं मत माहीत असायची गरज नाही.

मारकडवाडीने मात्र खरी अडचण पुढे ठेवली आहे आणि ती टाळून चालणार नाही. बूथचे आकडे मिळाले म्हणूनच त्या गावाला शंका घेता आली. आकडे मिसळले तर गाव प्रश्न तरी कशाच्या आधारावर विचारणार? लोकांचा यंत्रावर विश्वास डळमळीत असताना माहिती कमी करणं आगीत तेल ओतण्यासारखं होईल, असं म्हणणारे अगदीच चूक नाहीत. पण या दोन गरजा एकत्र सांभाळता येतात. नमुना १७-सी मधली बूथवरच्या एकूण मतदानाची संख्या उघडच राहावी, ती प्रतिनिधींना बूथवर सहीनिशी मिळते. विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रात चिठ्ठी काढून निवडलेल्या पाच बूथवर यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटमधल्या कागदी चिठ्ठ्या मोजून पडताळणी होते. ती वाढवावी, आणि तीही गटाने जोडलेल्या बूथची करावी. शंका फेडायची जबाबदारी आयोगाची आहे. तिची भरपाई मतदाराने आपलं मत चव्हाट्यावर मांडून करू नये.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने कुणालाही आपण मत कुणाला दिलं हे सांगायला भाग पाडता येत नाही. हे संरक्षण पुण्यातल्या दोनशे बिऱ्हाडांच्या सोसायटीत राहणाऱ्याला जवळजवळ पूर्ण मिळतं, वाडीवरच्या शेतमजुराला अर्धंमुर्धं. टोटलायझर आणायला संसदेत नवा कायदा करायचीही गरज नाही, कारण निवडणूक संचालनाचे नियम केंद्र सरकार आयोगाशी विचारविनिमय करून बदलू शकतं. २००८ पासून हा प्रस्ताव पडून आहे. पुढच्या वेळी खासदार गावात आले, की रस्त्याच्या आणि पाण्याच्या निवेदनासोबत हा एक प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवा: आमच्या बूथचा आकडा वेगळा मोजणं कधी थांबवणार?